हवेचा दाखला

त्या वर्षी आमच्या पट्ट्यात सगळ्यांनी फ्लॉवरचं बी एकाच दुकानातून घेतलं होतं. दुकानदार गोडबोल्या, सगळे त्याला शेट म्हणायचे. रोपं अशी फोफावली की बघत राहावं. पानं हत्तीच्या कानाएवढी! पण मधे गड्डा काही धरेना. काढणीचे दिवस आले तरी शेतात नुसता पाला.

माझे वडील दुकानात गेले. शेट म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल."

"सगळ्यांचंच?"

"मग हवा असेल."

शेती खात्याच्या साहेबानंही तेच ऐकवलं, तेही तोंडाला लावलेला चहाचा कप खाली न ठेवता.

वडिलांच्या नाकावर राग. घरी येऊन आईला म्हणाले, "उपटा सगळं." दोन ट्रॉल्या भरून पाला त्यांनी भर दुपारी साहेबाच्या कचेरीच्या दारात ओतला. साहेबाला खिडकीतून बाहेर काढावं लागलं. पोलिसांनी वडिलांना आत टाकलं. सुटून आले तेव्हा फाटकाशी अख्खा पट्टा उभा होता, आणि पुढच्या रांगेत एका पक्षाची माणसं. निवडणूक तोंडावर होती.

आई म्हणाली, "त्यांना तुम्ही नकोय, तुमचा राग हवाय. फुकटात मिळतोय ना!"

तिचं ऐकलं असतं तर ते वडील कसले? ते उभे राहिले आणि निवडून सभागृहात गेले.

त्यांना एकच कायदा हवा होता: बी खोटं निघालं तर विकणाऱ्यानं भरपाई द्यायची, शेतकऱ्यानं चपला झिजवायच्या नाहीत. तिथले सुशिक्षित सहकारी त्यांना 'गड्डेसाहेब' म्हणून हसायचे. समिती नेमली, मग समितीची उपसमिती. भिजत घोंगडं ते भिजतच राहिलं. वडील दर अधिवेशनात उठून ओरडायचे, आणि त्यांच्याच पक्षाचे लोक तेवढ्यात पाय मोकळे करून यायचे.

दोन वेळा निवडून आल्यावर एकदाचा कायदा मतदानाला आला. वडिलांनी मला आणि आईला गॅलरीत बसायला बोलावलं. आई ठेवणीतली साडी नेसली होती. मसुदा वडिलांच्या हातात पडला तो त्याच सकाळी. त्यात एक ओळ नवी होती: पाणी, खत आणि हवा यांत काहीच दोष नव्हता हे शेतकऱ्यानं स्वतः सिद्ध करावं.

वडील उभे राहिले. "हवेचा दाखला मी कुठून आणू? आभाळाकडून सही शिक्का घेऊन येऊ?" सभागृह हसलं. त्यांना तो विनोद वाटला! "याला पानं आहेत, गड्डा नाही," वडील म्हणाले, आणि ज्या कायद्यासाठी घसा फोडला त्याच्याच विरोधात त्यांनी मत दिलं. कायदा तरीही मंजूर झाला.

बाहेर पक्षाच्या अध्यक्षांनी त्यांना गाठलं. "इतकी वर्षं मागत होतात ना? दिला तर लाथाडता?"

"मी छत्री मागितली होती. तुम्ही दांडा हातात दिलात."

पक्षानं त्यांना काढून टाकलं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या जागी तिकीट कुणाला दिलं असेल? शेटला! वडील एकटे लढले आणि आपटले. आमच्या गल्लीतही शेटच पुढे. निकालाच्या संध्याकाळी धाकटा काका येऊन उंबऱ्यात बसला.

"दादा, मी तुला मत नाही दिलं," तो म्हणाला. "तुझा राग खरा आहे. पण बी मला शेटकडूनच घ्यायचंय."

माझं डोकं भणाणलं. ज्यांच्यासाठी या माणसानं घर वाऱ्यावर सोडलं, त्यातला सख्खा भाऊ हे तोंडावर सांगत होता, आणि आई त्याला पाणी विचारत होती.

दोन वर्षांनी काकाची काकडी गेली. वेल मांडवभर, फळ कडू. तो पुन्हा दारात आला. मी म्हटलं, "शेटकडे जा की!" वडिलांनी माझ्याकडे डोळे वटारले, पायात चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर भरपाईच्या सुनावणीला गेले. काकाला हवा निर्दोष होती हे काही सिद्ध करता आलं नाही. शेटचा वकील जांभई देत होता.

आता वडिलांनी तो कायदाच कोर्टात खेचलाय. आवाज बसलाय, पण न्यायाधीशांना दोनदा गप्प बसवावं लागतं इतका अजून उरलाय. तारखेला आम्ही सगळे जातो. काका पुढच्या बाकावर सरकून माझ्यासाठी जागा करतो. मी उभीच राहते.