बादलीतला नमुना

शेषरावभाऊ गेल्याचा फोन सावंगीच्या दवाखान्यातून आला तेव्हा, खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली…

आमच्या कार्यालयात ते भांडारपाल आणि मी त्यांच्या हाताखाली. वसतिगृहांसाठी ब्लँकेटं घ्यायची असली की पसंत केलेल्या नमुन्याचे दोन तुकडे करायचे आणि दोन्हींवर आम्हा दोघांच्या सह्यांची चिठ्ठी शिवायची. एक तुकडा कार्यालयात राही, दुसरा भाऊंकडे. माल आला की भाऊ त्यातलं एखादं ब्लँकेट बादलीत बुडवून ठेवत आणि सकाळी पाण्याचा रंग बघत. साहेब हसायचे, भाऊंना फरक पडत नसे.

त्या वर्षी पुरवठा जिल्ह्यातल्या बड्या नेत्यांच्या भाच्याकडे गेला. बादलीतलं पाणी काळं झालं, ओढलं की ब्लँकेटचे पुंजके हातात यायचे. माल परत पाठवायचा, असं आम्ही दोघांनी चहा पिताना ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊंची बस यायच्या आत साहेबांनी मला आत बोलावलं आणि फोन हातात दिला. नेते फार गोड बोलले. माझा बदलीचा अर्ज कुठे अडकलाय, हेही त्यांना ठाऊक होतं. ‘माल नमुन्याप्रमाणे आहे’ या ओळीखाली मी सही केली.

भाऊ आले, त्यांनी कागद पाहिला. आवाज चढवला नाही. “काऊन केलं, ते विचारत नाई मी. पन मले सांगून तं करायचं होतं, सुधाकर…”

त्यांनी सही केली नाही. महिन्याभरात त्यांना आष्टीला पाठवलं, कार्यालयातला तुकडा गायब झाला आणि पोरांनी हिवाळा त्याच ब्लँकेटांत काढला. पुढे त्या मालाची चौकशी लागली, तिथे भाऊ नमुन्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हातारा घाबरला, असं मी धरून चाललो. मला ते सोयीचं होतं.

शोकसभेत साहेब त्यांच्या प्रामाणिकपणावर भरभरून बोलले, नेत्यांनी हार पाठवला. माझं डोकं फिरलं. पण रागावणार कोणत्या तोंडाने? त्यांच्या डब्यातलं रोज मी जेवलो होतो. खरा दगा माझाच.

तेरवीला वहिनींनी एका जुन्या पिशवीतून तो दुसरा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. भाऊंनी चौकशीत हा का दाखवला नाही, मी विचारलं.

“दाखवला असता तं तुमची नोकरी गेली असती,” त्या म्हणाल्या. “सुधाकरची लेकरं लहान हायेत, म्हणत होते.”

घरी आलो, सह्यांची चिठ्ठी उसवून बाजूला ठेवली आणि तुकडा बादलीत बुडवला. सकाळी पाहिलं… पाणी स्वच्छ होतं.