उतरंडीतल्या पुड्या

काल डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेवरच विरघळली आणि त्या कडू चवीने मला थेट खानापूरच्या जंगलातल्या गावी नेलं. त्या पावसाळ्यात मी बेळगावहून तिथे हिवताप होऊच नये म्हणून रोज घ्यायच्या कोयनेलच्या गोळ्या वाटायला राहिले होते. वकिलाच्या घरातली मुलगी मी, मला तो परमुलूखच वाटायचा. रोज दारोदार विचारायची, "गोळ्या घेतल्या?" आतून "व्हय आक्का" आलं की पुढच्या दाराला जायची.

त्याच गावातल्या पारूची सहा वर्षांची पोर तापाने गेली, तेव्हा मी तिच्याकडे जाऊन बसले. चूल पेटलेली नव्हती. घरभर ओल्या राखेचा वास होता. पारू उठली. उतरंडीतलं बियाण्याच्या भाताचं गाडगं काढून तिने त्यातून मी दिलेल्या गोळ्यांच्या पुड्या माझ्यापुढे ठेवल्या. एकही उघडलेली नव्हती.

"तुमी एवढ्या लांबनं आणल्या. पोर लईच आजारी पडली तर असाव्यात म्हणून जपल्या. सांजचा ताप आला नि सकाळी गेली बघा. आता दुसऱ्या कुणाच्या पोराला द्या."

तेव्हा मला पारूच अडाणी वाटली. त्याच पुड्या मी शेजारच्या घरी दिल्या.

"रोज घ्या हं."

"व्हय आक्का."

आणि मी पुढच्या दाराला गेले.