सिल्वियोची बदनामी

नीदिया रियास्कोस तिंबिकी नदीत होडी चालवते. नऊ वर्षांपूर्वी नदीच्या मुखाशी प्रवाशांची लाँच उलटली, तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सिल्वियोनं, सतरा जणांना पाण्याबाहेर काढलं. अठराव्यासाठी सिल्वियोनं पुन्हा उडी घेतली, ती शेवटची.

नीदियाला कमाईत वाटा द्यायचा करार करून राजधानी बोगोटाच्या एका कंपनीनं त्यावर सिनेमा काढला. नीदियाची भूमिका करणारी यादिरा महिनाभर तिच्याच घरी राहिली, वल्हं मारायला शिकली, नारळाच्या रसातले खेकडे तिनं बोटं चाटत खाल्ले. मग गावच्या चौकात सिनेमा लागला. पडद्यावरचा सिल्वियो दारूच्या नशेत, बायकोला पाण्यात सोडून एकटाच काठाला लागला. नीदिया उठून घरी गेली.

आठवड्याभरानं तिनं बोगोटा गाठलं. कंपनीचा साहेब म्हणाला, "बाई, कागदावर सही तुमचीच आहे ना? गोष्टीत कुणीतरी वाईट लागतोच. साठ लाख पेसो घ्या अन् विषय मिटवा."

"ठरलेला वाटा तुम्ही बुडवलाय, तो मी घेणारच," नीदिया म्हणाली. "पण नवरा विकायला नाही आले मी."

खटला उभा राहिला. वाचलेल्यांपैकी चौदा जण कामधंदा सोडून साक्षीला आले. कंपनीचा वकील म्हणत राहिला, ही गावकऱ्यांची माया झाली, पुरावा कुठाय? तेव्हा कोर्टात मागच्या बाकावर बसलेली यादिरा उठली. सिनेमाची पहिली संहिता तिनं जपून ठेवली होती.

"यात सिल्वियो लोकांना वाचवताना जातो," ती म्हणाली. "पळपुटा सिल्वियो मागाहून घुसडला. मी गप्प बसले, कारण मला काम हवं होतं."

कंपनी नमली. प्रसंग कापला, माफी छापली, वाटाही दिला. यादिराला मात्र पुढं सिनेमात कुणी काम देईना. नीदियाच्या कानावर आलं, तसा तिनं फोन लावला.

"पोरी, बॅग भर आणि ये."

"मावशी, उगाच तुम्हाला भार."

"भार कसला? वल्हं धरता येतं तुला. खाशील ते कमावशील."

यादिरा चार महिने राहिली. शेजारीण एकदा म्हणालीच, "शहरातली नटी किती दिवस पोसायची गं?"

"मला सिल्वियोला वर काढता आलं नव्हतं," नीदिया म्हणाली. "हिनं काढलं. जन्मभर राहू दे."

पुढं काली शहरातल्या नाटकमंडळीनं यादिराला बोलावलं. पहिल्या प्रयोगाला नीदिया खेकड्यांचं पातेलं घेऊन गेली आणि सगळ्या मंडळीला आपल्या हातानं वाढून आली.