मंगळावरची माणसं
छप्पन साली मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता म्हणे. आमच्या घरात तो आधीपासूनच मुक्कामाला होता, माझ्या पत्रिकेत, आठव्या घरात. मुलीच्या आठव्यातला मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. तीन स्थळं पत्रिका बघून परत गेली होती आणि मला विसावं लागलं होतं. आई मंगळवार धरायची, मलाही धरायला लावायची, मोरगावला नेऊन गणपतीपुढे उभी करायची. मी हात जोडायची आणि मनात धुमसायची. मी कुणाचं काय केलं होतं?

आबा, म्हणजे माझे वडील, बारामतीजवळ पाटाच्या पाण्यावर वांगी-गवार करायचे. घरात सातवी शिकलेली मी एकटीच, म्हणून एसटीनं आलेला कालचा पेपर मी त्यांना वाचून दाखवायची. एका दुपारी त्यात आलं, की परदेशात लोकांना आभाळात उडत्या तबकड्या दिसतायत आणि त्या मंगळावरून येत असाव्यात, तिथं माणसं असतील, असं काहींना वाटतं.

आबांनी निवडायला घेतलेली गवार खाली ठेवली. "मानसं? मंगळावं? आन् मंग त्यांचा देव कोन? मंगळ तर सोताच देव हाय. देवाच्या अंगावं ऱ्हात्यात व्हय?"

"आपुन न्हाय का धरणीमायच्या अंगावं ऱ्हात?" आई चुलीपासून म्हणाली.

आबांनी गवार पुन्हा हातात घेतली, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या माणसांच्या पत्रिकेत मंगळ कुठून येणार, तो तर त्यांच्या पायाखाली. त्यांना आपली पृथ्वी दिसत असेल. तिथं एखाद्या मुलीला कडक पृथ्वी असेल, तिचं लग्न आपल्यामुळे मोडत असेल. मला हसू यायचं आणि लगेच रडूही यायचं. कामात लक्ष लागेना. भाकरी करपायला लागल्या.

त्यातच इंदापूरकडच्या वरकुट्याचं स्थळ आलं. मुलगा उसाची शेती करणारा. बघायला आला तेव्हा त्यानं नाव विचारायच्या आधी "पेपर रोज वाचता का?" असं विचारलं. सरळ सांगते, मला तो हवा होता.

पत्रिका द्यायच्या आधी आबा मला घेऊन बारामतीच्या ज्योतिष्यांकडे गेले. मी न राहवून विचारलंच, "मंगळावरच्या लोकांच्या पत्रिकेत मंगळ कुठल्या घरात मांडतात?"

"मुलगी बोलकी आहे," ते आबांना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "जन्मवेळ कुणी सांगितली होती?"

"मीच. गुरं सोडायच्या वक्ताला झाली."

"घड्याळ होतं?"

"न्हाय."

"मग त्या दिवशी गुरं जरा लवकर सुटली असतील." त्यांनी नवी कुंडली मांडली. वेळ थोडी मागं सरकली आणि मंगळ नवव्या घरात जाऊन बसला, अगदी निरुपद्रवी.

एसटीची वाट बघताना आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरं त्या दिशी उशिरा सुटली हुती. तुझ्या आईपाशीच बसून हुतो मी." मी नवी पत्रिका पदराखाली धरली. मला लग्न करायचं होतं.

लग्न झालं. मंगळावरच्या माणसांची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, ती त्यांना फार आवडली. "आलीच तर गुऱ्हाळावं नेऊ त्यास्नी," म्हणायचे. पत्रिकेची गोष्ट मात्र सांगितली नाही. उद्या सांगू, सणानंतर सांगू, असं करत राहिले. तिसऱ्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला. इंदापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण ते गेले.

सगळे मला पांढऱ्या पायाची म्हणतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. सासूबाई जवळ आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिचा काय बी दोष न्हाय. पत्रिका आमी सोता बघून घेतली हुती." त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा हा एकच प्रश्न आहे. तिथं माणसं असतील, त्यांची लग्नं होत असतील, ती भांडत असतील, तर मंगळ म्हणजे आपल्यासारखंच एक गाव. कुठलं गाव उठून वरकुट्यातल्या माणसाला तापानं मारत नाही. आणि नसतील, तर तो देव, आणि देवाला आम्ही फसवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिथं यंत्रं जाऊन उतरली. भाचा मोठ्या आनंदानं सांगायला आला, "मावशी, तिथं कुणी न्हाय. नुसती लाल माती आन् दगडं." त्याला वाटलं, मला सुटल्यासारखं वाटेल. पण दगडाला शेंदूर फासून देव करायला आम्हाला कितीसा वेळ लागतो? मला तिथं माणूस हवा होता. एक जरी निघाला असता, तरी नवऱ्याला मी मारलं नाही, असं मला म्हणता आलं असतं.