कान ठणठणीत, तरी

“ऐकू येतं ना? मग ऐकत का नाहीस?” हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ओरडलेय, देव जाणे. आधी नवऱ्यावर, मग लेकीवर. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत “हो” म्हणणार आणि पाच मिनिटांनी भलतंच काहीतरी करून येणार. दूध, कोथिंबीर आणि जाताना मागचं दार लाव, असं सांगितलं की घरात नुसती कोथिंबीर यायची आणि दार सताड उघडं. डोकं फिरणार नाही तर काय!

घोलवडला आमची चिकूच्या पॅकिंगची शेड आहे. तिथे दिवसभर कालवा. क्रेट आपटतात, ट्रक मागे घेताना कोणीतरी बोंबलत असतो, व्यापारी गुजरातीत बोलतात, चिकू निवडणाऱ्या बायका वारलीत आणि मी मराठीत सगळ्यांवर ओरडते. अशा घरात कोणाला कमी ऐकू येत असेल हे कळणार तरी कसं?

लेक पाचवीत गेली आणि शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. बाई म्हणायच्या, लक्ष नसतं. वर्गात पाढे, कविता, प्रश्नोत्तरं, सगळं एका सुरात म्हणायची पद्धत. मधल्या लाकडी फळीच्या पलीकडे दुसरा वर्गही तसाच ओरडतोय. ही बया नुसते ओठ हलवायची. एकटीला उभं केलं की गप्प. तोच प्रश्न वहीत लिहून दिला की उत्तर बरोबर. हे बाईंनाही दिसत होतं, मलाही दिसत होतं, पण डोक्यात प्रकाश कोणाच्याच पडला नाही.

तलासरीला कानतपासणीचं शिबिर होतं, तिथे नेलं. बीप वाजली की हात वर करायचा. हिने प्रत्येक बीपला हात वर केला. डॉक्टर म्हणाले, कान एकदम ठणठणीत. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सगळं ऐकू येतं आणि मुद्दाम करते! मी तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, तिला एक ठेवून दिली. तो रिपोर्ट मी स्वतः शाळेत नेऊन दाखवला. त्या दिवसापासून बाईही तिला जास्तच ओरडायला लागल्या. पोरीच्या भल्यासाठी काढलेला कागद आम्ही तिच्यावरच उगारला.

पुढच्या सोमवारी ती उठलीच नाही. “मी ढ आहे. मला नाही जायचं शाळेत.” मंगळवारीही तेच. आठवडा गेला. रागावले, चुचकारलं, काही उपयोग नाही.

आणि आमचे हे काय म्हणाले? “राहू दे गं. मीपण आठवीतच सोडली, काय अडलं? शेडवर बसेल.” कपाळ माझं! पोरगी लिहिण्यात हुशार, आणि हिला चिकू निवडायला बसवायचं? त्या दिवशी मी यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी मावसबहीण डहाणूला नर्स आहे. ती म्हणाली, कानाला ऐकू येणं वेगळं आणि ऐकलेलं कळणं वेगळं, त्याची तपासणी मुंबईत होते. तिलाच सोबत घेऊन आम्ही गेलो.

तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, मुलगी सगळ्यात जास्त कोणत्या भाषेत बोलते? मी म्हटलं, मराठीत, पण तीन भाषांनी तिच्या डोक्याची खिचडी झालीय असं सगळे म्हणतात. त्या म्हणाल्या, भाषांना उगाच दोष देऊ नका. मग काचेच्या खोलीत बसवून मराठीतच तपासणी. एका कानात एक आकडा, त्याच क्षणी दुसऱ्या कानात दुसरा, आणि दोन्ही सांगायचे. नंतर गोंगाट लावून त्यातून शब्द ओळखायचे. शांततेत धडाधड सांगणारी माझी पोर गोंगाट सुरू झाल्यावर रडवेली झाली. मला ते बघवेना.

“ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर,” मॅडम म्हणाल्या. “आवाज कानात नीट जातो, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढताना मेंदूची दमछाक होते. मुलगी हुशार आहे. घरात आणखी कोणाला असं होतं का?”

मला हसूच फुटलं. “हे काय, समोर बसलेत.”

“मला कुठे काय,” हे म्हणाले. मॅडमनी विचारलं, शेडवर एवढ्या आवाजात काम कसं करता? यांनी सहज सांगितलं, “कोणी काही सांगायला आलं की मी त्याच्या हातात खडू देतो. क्रेटवर लिही म्हणतो. लिहिता येत नसेल तर रेघा मार.” आजवर लोक त्याला शिस्त म्हणायचे, मी चक्रमपणा. मॅडमनी यांचीही तपासणी केली. तेच निघालं. लेक तेव्हा मावशीबरोबर खाली वडापाव खायला गेली होती.

“पोरीला सांगू नकोस,” हे मला म्हणाले. का? तर लाज वाटते! शपथ घालून मला गप्प केलं.

मॅडमनी काय करायचं ते लिहून दिलं होतं. पहिल्या बाकावर बसवा, पंख्यापासून, खिडकीपासून लांब. समोर येऊन बोला, एका वेळी एकच गोष्ट. समजलं नाही तर ओरडू नका, वेगळ्या शब्दांत सांगा. रोज थोडा वेळ ऐकण्याचा सराव. एका वेळी एकच गोष्ट! मला सांगताय? माझा तर जीव जायचा. आणि इतकं करूनही पोरगी शाळेचं नाव काढेना. “म्हणजे माझ्या डोक्यातच बिघाड आहे ना?” एवढंच म्हणाली.

शेवटी तिला ओढत घेऊन आम्ही दोघं बाईंना भेटायला गेलो. बाई फळा पुसता पुसता बोलत होत्या, पाठ आमच्याकडे. बाक बदलू, पण रिपोर्टमध्ये तर कान चांगले आहेत, वगैरे. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे उभे राहिले.

“बाई, जरा इकडे बघून बोला. मला कळत नाहीये. मलापण तेच आहे, हिच्यासारखं.”

बाई वळल्या. पोरगी तर यांच्याकडे बघतच राहिली.

घरी येताना तिने यांचा हात सोडला नाही. “पप्पा, तुम्हालापण ढ म्हणायचे?”

“म्हणायचे.”

“कोण?”

“गुरुजी. वर्गातली पोरं. आजोबा. आणि तुझी आई. अजून म्हणते.”

ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांनी नुसतं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. पोरीने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती दप्तर भरत होती. वेणी घालून द्यायला मला हाक मारली नाही. पप्पांकडून घालून घेतली, वाकडीतिकडी, आणि तशीच शाळेत गेली.