आम्ही मागितलेला बंधारा

वर्षभर ओरडून तुम्ही एखादी गोष्ट मागितलीत, सरकारनं ती दिली, आणि मग कळलं की तीच गोष्ट एका बाईच्या पोटावर पाय देणार आहे, तर तुम्ही गप्प बसाल का? मी जवळजवळ बसले होते.

आमचं घर चौलला, नारळी-पोफळीच्या वाडीत. वडील कारखान्यात कामाला आणि युनियनमध्ये. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं ढीगभर. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागले. पूर्णविरामाशी माझी ओळख बरीच उशिरा झाली. आधी सगळीकडे उद्गारचिन्हंच दिसायची.

मी अलिबागला कॉलेजात जात होते तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. पोफळी शेंड्याकडून वाळत गेल्या. त्याच सुमारास जिल्ह्याचा हवामान बदल कृती आराखडा तयार होत होता आणि त्यासाठी तरुणांकडून सूचना मागवल्या होत्या. आम्ही पाच जण एकत्र आलो. पत्रक मीच लिहिलं. ‘समुद्र थांबवा! बंधारा बांधा!’ रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर वाटलं, बाजारात वाटलं, जेट्टीवर सह्या घेतल्या, जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर फलक धरून उभे राहिलो. आवक-जावकच्या खिडकीतले कारकून आम्हाला बघितलं की म्हणायचे, “आली बघा भरती!” पण दर वेळी अर्जावर शिक्का मारून पोच द्यायचे. ते शिक्के नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

वर्षाच्या शेवटी प्रारूप आराखडा आला. त्यात आमची मागणी होती. किनाऱ्यावर दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा, सोबत नकाशा, नकाशावर लाल रेघ. आम्ही पेढे घेतले आणि थेट कोळीवाड्यात गेलो, कारण बंधारा तिथेच होणार होता.

किनाऱ्यावर एक मावशी बोंबील वाळत घालत होती. बांबूंच्या चौकटीवर दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून ते दोरीवर टाकायचे. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून होडी बंद होती. चार वलांडींवर तिचं घर चालत होतं आणि धाकटी मुलगी नर्सिंगला शिकत होती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

“कसला पेढा गो? लगीन ठरला काय तुजा?”

“नाही मावशी, बंधारा मंजूर होतोय. आराखड्यात आलाय.”

“बरा झाला. कुठं बांधतान?”

मी नकाशा उलगडला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पेढा तोंडात टाकून हात पदराला पुसले आणि म्हणाली, “कागद ऱ्हाऊं दे. तू त्या रेघेवर जाऊन उभी ऱ्हा.”

नकाशात रेघ जिथून सुरू होत होती त्या देवळाच्या कोपऱ्यापासून, फोनवर जागा बघत बघत, मी चालत गेले. थांबले तेव्हा बोंबील माझ्या खांद्याला लागत होते. मी तिच्या दोन वलांडींच्या मधोमध उभी होते.

“आता तू दगुड हायेस,” ती म्हणाली. “सांग, मी बोंबील कुठं घालू?”

आमच्यातला एक जण म्हणाला, “मागे, रस्त्याच्या कडेला घालता येतील ना?”

“रस्त्याला वारा हाय? नुस्ती गाड्यांची धूळ. तू खाशील धुळीचा बोंबील?” आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, “खाईल, खाईल. शिकलेला हाय!”

मग मावशी हसायची थांबली. शेजारच्या गावात असेच दगड टाकले होते, तिनं सांगितलं. लाट दगडावर आपटते, मागे फिरते, आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. दोन पावसाळ्यांत तिथे होडी ओढायला जागा उरली नाही. “त्यांच्या होड्या आता आमच्या दारात लागतान. आमी कुनाच्या दारात लावू?” वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल, जांभळ्या फुलांची. “तीबी तुमीच उपटून नेलात, सफाईला आल्तात तवा. गवत म्हणून.”

ते खरं होतं. सफाई मोहिमेचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. वेलींचे भारे आणि आम्ही पाच जण, हसताना.

“पण मावशी, इथल्याच सह्या आहेत आमच्याकडे.”

“कुनाच्या?”

जेट्टीवर भेटलेल्या पुरुषांच्या. आम्ही सकाळी जायचो, आणि त्या वेळी बायका मासळी घेऊन बाजारात असायच्या. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

“त्या अर्जावर सगळ्यात खाली तुजी सही हाय ना?” तिनं विचारलं. “मग तूच काढ ती रेघ.”

परतीच्या रिक्षात उरलेले पेढे मांडीवर होते. कुणी खाल्ले नाहीत. एक मैत्रीण म्हणाली, “आता मागणी मागे घेतली तर पुढच्या वेळी आपल्याला कोण विचारेल?” मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला आमची विहीर दिसत होती. एका बाईच्या चार वलांडी एकीकडे आणि अख्ख्या वाडीचं पाणी दुसरीकडे, असा हिशेब मी रिक्षातच मांडून टाकला होता.

तो हिशेबही चुकीचा निघाला. कॉलेजातल्या भूगोलाच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की वाळूवरचा बंधारा जमिनीखालून येणारं खारं पाणी अडवत नाही. वाडीच्या आसपास जे नवे बंगले झालेत, त्यांच्या बोअरवेल आधी मोजा. हे मी वर्षभरापूर्वीही विचारू शकले असते.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

“खाली नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

“नाव का छापतात, माहीत आहे?”

“कायदा आहे म्हणून.”

“तो आहेच. पण आपलं चुकलं तर लोकांनी कुणाचं दार वाजवायचं, हेही कळायला हवं ना.”

मी दुसरं पत्रक लिहायला बसले. मथळा होता ‘आमचं चुकलं’. वडिलांनी मजकूर वाचला, पेन घेतलं आणि सगळी उद्गारचिन्हं खोडली. “माफी मागताना ओरडू नये,” एवढंच म्हणाले. ते पत्रक आम्ही दुपारनंतर, बायका बाजारातून परतल्यावर, घरोघरी नेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. एकीनं ऐकून झाल्यावर विचारलं, “आनि येल कवा लावताव?” पुढच्या रविवारी आम्ही वेल लावायला गेलो.

बंधाऱ्याच्या जागेवर आम्ही लेखी हरकतही दिली. आराखड्याची जनसुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती. माझं नाव पुकारलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाइल चाळली.

“मागच्या खेपेला बंधारा तुम्हीच मागितला होता ना?”

“हो, सर.”

“आणि आता नको?”

“या जागेवर नको.”

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “पोरखेळ चाललाय नुसता.” हातातला कागद मला दिसेनासा झाला.

तेवढ्यात मावशी उठली. ती बाजारातून थेट आली होती आणि सुक्या मासळीची टोपली तिच्या पायाशी होती. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आधीच नाकाला रुमाल लावले होते.

“साह्यब, या पोरांना हसू नका,” ती म्हणाली. “तुमी रेघ मारलीत, आमाला कुनी इचारला न्हाय. यांनीबी न्हाय इचारला. पन ही पोरां निदान परत आली.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, तिला पुढे बोलावलं आणि पेन्सिल उचलून विचारलं, “वलांडी कुठून कुठपर्यंत?”

काही महिन्यांनी अंतिम आराखडा आला. त्या पट्ट्यातली रेघ रस्त्यामागे सरकली होती. नकाशात किनाऱ्याच्या जागी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘मासळी सुकवण्याची जागा व होड्यांचा तळ’. खाली एक ओळ मर्यादवेलीच्या लागवडीची. विहीर अजून मचूळच आहे. बोअरवेलवरचे आमचे अर्ज चालू आहेत, आणि खिडकीतले कारकून अजून “आली भरती” म्हणतात. तरुणांचं कुणी ऐकत नाही असं मी आता म्हणत नाही. आमचं दोनदा ऐकलं गेलं. दुसऱ्यांदा ऐकलं गेलं ते त्या मावशीमुळे. तिनं मला रेघेवर उभं केलं आणि सभागृहात एकटं पडू दिलं नाही. तिची धाकटी यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

तुमच्याही तालुक्यात असा एखादा आराखडा हरकतींसाठी लावलेला असेल. त्याचा नकाशा घ्या आणि जागेवर जा. तिथे रोज काम करणाऱ्या बाईला रेघ कुठून जाते ते चालून दाखवा. ती काय म्हणते ते लिहून घ्या, मुदतीच्या आत द्या, पोच घ्या. आणि खाली तुमचं नाव घाला.