सुजाताचे उच्चार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

परभणीत मी फ्रेंचची शिकवणी घ्यायचो. स्वतः शिकलो पुस्तकातून. कानांनी ती भाषा कधी ऐकलीच नव्हती. पण शहरात दुसऱ्या कोणाला येत होती? त्यामुळे मीच शहाणा! फळ्यावर शब्द लिहायचा, उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला टेबलावर डस्टर आपटायचं. ‘पुष्कळ’ म्हणायचं तर — बे-आऊ-कूप. तीन ठोके.

सुजाता चुडाव्याहून रेल्वेने यायची. शेतकीची पदवी घेतलेली, आईवडील मजुरीला. फ्रान्समध्ये शिकायची शिष्यवृत्ती जवळपास हातात होती; पुण्यातली तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. माझे ठोके ती गाडीत बोटांवर मोजत यायची.

परीक्षेला पंधरा दिवस होते. वर्ग सुटल्यावर तिने मोबाइल पुढे केला. "सर, ही फ्रेंच बाई बो-कू म्हणायलीय. दोनच तुकडे. शेवटचा प बोलतच न्हाई."

मी ऐकलं. पुढचे शब्द ऐकले. सगळंच चूक शिकवलं होतं मी. सांगायला काय लागत होतं? ‘पोरी, माझं चुकलं, तू हिचंच ऐक.’ एवढंच ना? पंधरा दिवसांत ती सुधारली असती, तेवढी जिद्द होती तिच्यात. पण मग माझी काय इज्जत राहिली असती? मी म्हणालो, "ती त्यांची गावठी बोली. परीक्षेत शुद्ध लागतं." तिने मोबाइल पिशवीत ठेवला.

ती नापास झाली. दोन दिवसांनी भर वर्गात तिने विचारलं, "सर, तिथल्या मॅडमला माझं कायबी समजलं न्हाई. माझं कुठं चुकायलंय?"

आणि मी — काय बोललो, ऐका. "शिकवण्यात खोट नाही. तुमच्या घरचं बोलणं जिभेवरून जात नाही, त्याला मी काय करू?" ‘तुमच्या’ म्हणताना मला गावाबाहेरची कोणती वस्ती म्हणायची होती, ते वर्गाला कळलं. तिला तर कळलंच. हा निव्वळ नीचपणा होता.

शिकवणी सोडताना ती दाराशी थांबली. "माफ करा सर. माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं."

मी तिला माफ केलं.